यानातली फरशी

टीव्हीवरच्या मालिकेत अंतराळयानात खून झाला होता. संशयितांमध्ये सगळ्या देशांची, सगळ्या रंगांची माणसं मोजूनमापून घेतलेली. एक साडीतली शास्त्रज्ञसुद्धा. सगळं जग सामावून घेतल्याचा केवढा तो तोरा!

आमच्याकडे फरशी पुसणाऱ्या मंगलबाई फडकं पिळता पिळता थबकल्या. "मघाशी एवढं रक्त सांडलं होतं, ते पुसलं कोणी?"

खरंच, फरशी लख्ख होती. यांच्या भविष्यात माणूस ताऱ्यांपर्यंत पोचतो, पण फडकं कोणाच्याच हातात दिसत नाही. डोंबलाची कल्पनाशक्ती! लिहिणाऱ्याच्या अकलेची कीव करत मी मोठ्यानं हसलो.

"पाय घ्या वर," मंगलबाई म्हणाल्या.

पडद्यावरून नजर न हलवता मी पाय वर घेतले.