सिसिलीच्या फरचे शंकू

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी इतकी संशयी झाले होते की द हेगमधल्या आमच्या फ्लॅटखाली कुणी खोकलं तरी खिडकी लावून घ्यायचे. नवरा दिवसभर आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून. घरात बसून वेड लागेल या भीतीने मी जवळच्या एका खाजगी वृक्षबागेत गुरुवारी दुपारी बिनपगारी काम धरलं. बाग लोकांसाठी बंदच होती. झाडांची जुनी हस्तलिखित कार्डं कॉम्प्युटरवर चढवायची आणि जागेवर जाऊन प्रत्येक झाड ताडून बघायचं, एवढंच काम.

मागच्या कोपऱ्यात एक बुटकं फर होतं, देवदारासारखं सुईच्या पानांचं झाड. या जातीची रानातली झाडं फक्त सिसिली बेटाच्या डोंगरात आहेत, तीही अगदी मोजकी. आमचं झाड तिथल्याच बियांपासून वाढवलेलं, असं कार्डावर लिहिलं होतं. त्या वर्षी त्याला पुन्हा शंकू, म्हणजे बियांची बोंडं, धरले. बागेच्या अध्यक्षबाईंनी लगेच ठरवलं, की बिया काढून डोंगरातल्या रोपवाटिकेला पाठवायच्या. बातमीपत्राचा मजकूरसुद्धा त्यांनी आधीच लिहून ठेवला.

ऑगस्टअखेरीस मी शंकू मोजले तेव्हा एकोणीस होते. पुढच्या गुरुवारी चौदा.

"खारीने नेले असतील गं," नवरा म्हणाला.

"खार खाली कचरा करते. कुरतडलेले खवले पडले असते."

"मग वाऱ्याने पडले."

"फरचे शंकू अख्खे पडतच नाहीत. फांदीवर उभे असतात आणि पिकले की खवला खवला सुटून जातात. मधली काडी मागे राहते. इथे काडीसुद्धा नाही. देठ कात्रीने कापलेत."

"तू कार्डं भरायला जातेस की तपास करायला?" तो हसला. मला हसू आलं नाही.

बागेच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. अध्यक्षबाई, मी आणि एक म्हातारे माळी. निवृत्त झाले तरी ते रोज सायकलवरून येत. माझ्याशी फारसं बोलत नसत. मी दिसले की नियमाचं दीड मीटर सोडून चांगलं चार मीटर लांबून जात. आधी वाटायचं, भारतातल्या बातम्या बघून मला टाळतायत. आता त्या लांबून जाण्याचा वेगळाच अर्थ लागायला लागला. दुर्मिळ झाडांच्या बिया जमवणारे शौकीन इंटरनेटवर वाट्टेल ती किंमत देतात, हे मी वाचलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी गुरुवारची वाट न बघता मंगळवारी सकाळी गेले आणि झुडपांच्या कुंपणामागे उभी राहिले. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती, तरी दिसायचं ते दिसलं. माळ्यांनी शिडी लावली, तीन शंकू कापले, सायकलच्या पिशवीत ठेवले आणि वर जुनं स्वेटर दाबलं. त्या स्वेटरमुळे माझी खात्रीच पटली. घरी येऊन मी अध्यक्षबाईंना ईमेल लिहिला.

शनिवारी दाराची बेल वाजली. खाली फुटपाथवर माळी उभे होते.

"माझ्याबद्दल तू लिहिलंस?"

"हो."

"मला आधी विचारायचं होतंस."

"तुम्ही खरं सांगितलं असतं?"

त्यांनी जरा विचार केला. "नाही," म्हणाले. "पण आता दाखवतो. चल."

त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. परसातल्या काचेच्या खोपटात कुंड्यांच्या दोन रांगा होत्या. पूर्वीच्या एका हंगामात त्याच झाडाच्या बियांपासून त्यांनी लावलेली रोपं. "नीट बघ," ते म्हणाले. एकाची पानं आखूड आणि ताठ, दुसऱ्याची लांब आणि टोकदार. एकाच आईची वाटत नव्हती.

"बागेत शेजारी ग्रीक फर आहे. त्याचे पराग येतात. ही सगळी मिश्र आहेत. ही डोंगरात लावली, तर उरलेल्या झाडांमध्ये हेच रक्त मिसळत जाणार. बाईंना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, झाड ते झाड. म्हणून शंकूच राहू द्यायचे नाहीत, असं मी ठरवलं."

मी मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही. पकडलेला माणूस गोष्ट तयार ठेवतोच. सोमवारी बागेत जाऊन जुनी कार्डं काढली. ग्रीक फर खरंच होतं, बारा पावलांवर, आमच्या फरच्याच वर्षी लावलेलं. मग मला मूळ झाडाचाच संशय यायला लागला. कार्डावरच्या 'डोंगरातलं बी' या शब्दांची शाई बाकीच्या ओळींपेक्षा वेगळी होती.

अध्यक्षबाईंना मी स्पष्टच सांगितलं, "आपण नक्की काय पाठवतोय हे कुणालाच माहीत नाही." त्या नाराज झाल्या, पण झाडाची आणि रोपांची पानं जनुकीय तपासणीला पाठवायला तयार झाल्या. निकाल यायला हिवाळा उजाडला. मूळ झाड अस्सल होतं. रोपं, एकूण एक, मिश्र.

बिया गेल्या नाहीत. अस्सल झाडाच्या काड्या घेऊन कलमं करायची ठरली, म्हणजे दुसऱ्याचे पराग मध्ये येण्याचा प्रश्नच नाही. ते काम माळ्यांशिवाय कुणाला येत नव्हतं. अध्यक्षबाईंनी त्यांना फोन केला. माफी मागितली की नाही, मला माहीत नाही.

फेब्रुवारीत खोपटाची दारं उघडी टाकून आम्ही दोघं कामाला बसलो. ते काडीला तिरपा छेद देत, मी रबराची पट्टी गुंडाळत होते. बोटं गारठली होती.

"मी तुम्हाला चोर समजले," मी म्हणाले. "माफ करा."

"चोरत तर होतोच," ते म्हणाले. "पट्टी अजून घट्ट. हवा आत जाता कामा नये."

मी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली.