दुपारचं मुसळ

भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आला, की मला दुधनीतलं ते बंद घर आठवतं. तिथं चटणी कुटून विकणारी एक बाई वारली होती, आणि काही महिन्यांनी भर दुपारी आतून मुसळाची धपधप ऐकू येऊ लागली. त्यातच, माझं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं, त्याला रोज दुपारी त्या घराच्या मागच्या दारानं आत शिरताना लोकांनी पाहिलं. "बाईनं धरलंय त्याला. सोयरीक मोडतो," वडील म्हणाले. मला तर तो फार आवडला होता. म्हणून मीच गेले आणि दार ढकललं. आत लसणाचा, तिखटाचा ठसका, आणि हा घामाघूम होऊन उखळापाशी बसलेला. "आमची आई बी चटणी विकती, तिचा हात मोडलाय," तो ओशाळून म्हणाला. "मिक्सरच्या चटणीला तेल सुटत न्हाय, गिऱ्हाइकं परत करत्यात. आन् गड्यानं मुसळ धरलं तर गाव हसतंय की. कुनाला सांगू नगा." हुश्श करून मी तिथंच फतकल मारली आणि लसूण सोलायला घेतला. आता आम्ही सोलापुरात असतो. कुटणं अजून त्याच्याचकडे आहे, आणि दुपारी ती धपधप मध्येच थांबली, की मी हातातलं टाकून तो आहे ना, हे आत बघून येते.