मशीनला एकशेचार ताप

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या कॉम्प्युटरला ताप आला होता. एकशेचार.

नांदूरघाटला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या पोरांचे फॉर्म माझ्या हातून गेलेत, म्हणून लोक मला 'सर' म्हणतात. (घरात कुणी म्हणत नाही.) बायको संगीता गावात आशाताई आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हापासून तिला नर्सिंग शिकायचं होतं. आधी आई आजारी, मग पोरगी लहान, मग माझा आळस. त्या वर्षी वयाची अट संपत होती. तेव्हा नाही तर कधीच नाही. ती आठ दिवस म्हणत होती, "माझा फॉर्म भरा." आणि मी आठ दिवस म्हणत होतो, "घरचाच फॉर्म हाय, कवाबी भरू." असं करता करता शेवटचा दिवस उजाडला. मुदत पाच वाजेपर्यंत.

दुपारी तीनला ती कागदांची पिशवी माझ्यासमोर ठेवून लसीकरणाला निघाली.

"फोटो, सही, मार्कमेमो समदं यात हाय. मी चारपर्यंत येते. तोवर भरून ठेवा."

"तू आलीस की फक्त शेवटचं बटण दाबायचं," मी म्हणालो.

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. एवढ्या मोलाचा फॉर्म आणि मधेच मशीन तापून बंद पडली तर? म्हणून मी प्रोसेसरचं तापमान दाखवणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यानं दाखवलं चाळीस. झकास! इथंच थांबलो असतो तर आज काही सांगायला उरलं नसतं. पण एकाच डॉक्टरवर भरवसा ठेवायचा आमच्या घराण्यात रिवाज नाही. दुसरं सॉफ्टवेअर उतरवलं. ते म्हणालं, एकशेचार! दोघांचं भांडण तोडायला तिसरं आणलं, तर ते म्हणालं एकशेसत्तावीस. मग मी तिघांची सरासरी काढली. नव्वद आली. नव्वद चांगलं की वाईट हे मला माहीत नव्हतं, पण सरासरी काढल्यावर जरा बरं वाटलं.

तेवढ्यात वडील आले. आमच्या अण्णांनी जन्मभर किराणा विकला, त्यामुळे कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचं मत तयार असतं.

"तोंड कावून पडलंय?"

"अण्णा, मशीन तापली. एकशेचार दाखवतंय."

"एकशेचार? आरं, तू ल्हान असताना तुला एवढाच ताप आलता. पट्ट्या ठेवल्या म्हणून वाचलास."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं माठात बुडवलं, पिळलं आणि घडी करून मॉनिटरच्या वरच्या काठावर ठेवलं. (कपाळ तिथंच असणार, असा त्यांचा अंदाज.) ही धावपळ बघून शेजारचे रफिकभाई आले. ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा केज तालुक्यात कुणी नाही. त्यांनी सीपीयूचा डबा खोलायला लावला आणि आत वाकून बघितलं.

"ह्याचं पानी कुठंय?"

"यात पाणी नसतंय, रफिकभाई. पंखा असतोय."

"पानी न्हाई, अन् वर तापली म्हणून रडतोस व्हय बे?"

दहा मिनिटांत माठाभोवतीचं ओलं गोणपाट सोडवून, पिळून डब्याभोवती गच्च गुंडाळलं गेलं. अण्णांनी सुतळी आवळली, रफिकभाईंनी गाठ मारली. आणि कॉम्प्युटरची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेल्या मी गाठीवर बोट धरलं. मग आकडे बघितले. पहिलं म्हणालं अठ्ठावन्न, दुसरं एकशेछत्तीस. तिसरं एकशेसत्तावीसवरून तसूभर हललं नव्हतं.

"ह्यो तिसराच खरा," अण्णा म्हणाले. "शब्द फिरवत न्हाई."

"बंद कर आधी," रफिकभाई म्हणाले. "ट्रॅक्टर तापला की आमी अर्धा घंटा सावलीत उभा करतो."

मी मशीन बंद केली. सव्वाचार वाजले होते. संगीता दारात उभी होती.

"भरला?"

मी सगळे आकडे लिहिलेला कागद तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला.

"आकड्याच्या पुढं अक्षर काय हुतं?"

"अक्षर?" मी म्हणालो.

"अहो, दुसरा फॅरनहाइटचा हाय. ऊन बेचाळीस म्हणता अन् पोरीचा ताप एकशेदोन म्हणता, तसंच हे. एकशेचार म्हंजेच चाळीस. मी रोज थर्मामीटर घिऊन फिरते. दोघंबी एकच सांगत हुते."

"मग तिसरा?" अण्णांना त्याचीच काळजी.

रफिकभाईंनी डोकं खाजवलं. "त्याची वायर कुठं जोडलेलीच नसल. आमच्याकडं वायर तुटली की काटा असाच एका जागी बसतोय."

"आन अठ्ठावन्न?" मी विचारलं.

"तापलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळून नाक दाबल्यावर काय हुईल?" ती म्हणाली. मग तिनं न उघडलेली कागदांची पिशवी उचलली. "मशीन चांगली हुती. बारा वर्षं थांबले, अन् तुमी गोणपाट बांधत बसलात."

मला लई लाज वाटली. अण्णांनी सुतळी कापली, रफिकभाईंनी स्वतःच्या रुमालानं डबा कोरडा केला. मशीन बिनतक्रार सुरू झाली. संगीता माझ्या खुर्चीत बसली आणि तिनं स्वतःच फॉर्म भरला. मी फक्त मार्कमेमो स्कॅन करून दिला, तोही आधी उलटा. पाचला सहा मिनिटं कमी असताना पावती छापून आली. तिनं ती गरम पावती गालाला लावली आणि हसली. ते हसू बघून अण्णांनी सगळ्यांना चहा सांगितला.

तिचा नंबर लागला. आता ती बीडला होस्टेलवर राहते आणि दर रविवारी मी डबा घेऊन जातो. घाबरलेले नातेवाईक पेशंटचे कसे हाल करतात, हे तिच्या वर्गात एकदा विचारलं होतं म्हणे. तिनं काय सांगितलं ते मला मागच्या रविवारी कळलं. दारावर नवीन पोरगी होती. संगीताचं नाव घेतलं, तर तिथं तीन संगीता. मी माझं नाव सांगितलं, तिला कळेना. गाव सांगितलं, कळेना. "फॉर्मवाले सर" असंही सांगून बघितलं. ती दार लावू लागली. डबा गार होत होता, तेव्हा मान खाली घालून म्हणालो, "गोणपाटवाला."

"अगंबाई, दाजी!" ती म्हणाली आणि तिनं सताड दार उघडलं.