अल्बारिन्यो तोडणारी

क्लेमेंटीच्या सुपरमार्केटमध्ये दर शनिवारी एक स्पॅनिश बाई अल्बारिन्यो या द्राक्षाची पांढरी वाइन चाखायला देत असे. तिच्या गॅलिसिया प्रांतात पाऊस फार, म्हणून वेल दगडी खांबांवरच्या मांडवावर चढवतात. हे सांगताना ती हात वर करून द्राक्षं तोडून दाखवी. पण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे.

“आंटी, मळ्याच्या मालकाच्या घराण्याची गोष्ट सांगा, लाह,” मॅनेजर माझ्यादेखत तिला सिंगापुरी ढंगात म्हणाला. “नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसरी उभी करतो.”

“मालकाला एक घडही तोडताना मी पाहिलं नाही,” ती शांतपणे म्हणाली. “वीस वर्षं आम्ही बायकाच तोडत होतो.”

पुढच्या शनिवारी खरंच दुसरी होती. मालकाच्या आजोबांची गोष्ट तिने गोड सांगितली.

“द्राक्षं कोण तोडतं?” मी विचारलं.

तिने बाटली फिरवून लेबलावर शोधलं. तिथे तसं काही लिहिलेलं नव्हतं.