मागे लावलेली कोरी पानं

उल्हासनगरच्या त्या म्हाताऱ्या बाइंडरचं नाव मी विचारलंच नाही. आईवर लिहायला घेतलेली कादंबरी ती गेल्यावर मी अर्धवट सोडली होती. नऊ वर्षांनी ते सुटे कागद माळ्यावर सापडले, तेव्हा निदान नीट राहावेत म्हणून त्यांच्याकडे बांधायला नेले.

ते एकेक पान तळहाताने सपाट करत होते. शेवटच्या पानाशी थांबले.

"मॅडम, पुढची पानं घरी राहिली काय?"

"लिहिलीच नाहीत. आता होणारही नाही माझ्याच्याने."

त्यांनी मागे कोऱ्या कागदांचा जाड गठ्ठा लावला.

"अहो, हे कशाला?"

"एकदा शिलाई झाली की पान घालता येत नाही. उद्या तुम्ही लिहिणार, मग मी कुठे घालू?"

त्याच संध्याकाळी शिवून मिळालेलं बाड घेऊन मी अंबरनाथच्या घरी परतले, आणि पहिल्या कोऱ्या पानावर आई पुन्हा बोलायला लागली.