पेटीच्या दोन पट्ट्यांमधला सूर

"काका, माझा आवाज खरंच असा आहे?" हेडफोन काढत नीमाने विचारलं.

"माइकवर तसाच येतो," मी म्हणालो. खोटं बोललो.

नीमा टांझानियाची. नगरला नर्सिंग शिकायला आली आणि आमच्या चर्चच्या गायनमंडळात मराठी भजनं म्हणू लागली. मग तिने स्वतःचं गाणं केलं. कडवी मराठीत, ध्रुवपद स्वाहिलीत, साथीला खर्ड्याच्या बबनरावांची ढोलकी. ते पुण्याच्या एका महोत्सवाला पाठवायचं होतं. निवड झाली तर इथेच राहून गायचं, नाहीतर परीक्षा देऊन घरी परत, असं तिने ठरवलेलं.

रेकॉर्डिंग नगरमध्येच, सावेडीतल्या माझ्या स्टुडिओत झालं. ध्रुवपदात ती एक सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच लावायची. मला तो खटकला.

"साहेब, पोरगी बेसूर न्हाई," बबनराव म्हणाले. "तुमची पेटीच आखूड हाय."

मी हसलो. दोघं गेल्यावर गाणं ट्यून केलं. म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्येक सूर ओढून जवळच्या पट्टीवर बसवतं. वीस वर्षं सगळ्यांचं करत आलो, कुणाला विचारलं नाही. तिलाही नाही.

महोत्सवाचं उत्तर आलं: आवाजात जीव नाही. ते घेऊन ती स्टुडिओत आली, गाणं पुन्हा ऐकलं आणि तो प्रश्न विचारला.

त्यानंतर तिने मंडळही सोडलं. रविवारी मागच्या बाकावर गप्प बसायची. मी त्याच रांगेत. असे चार महिने.

शेवटी दोघांना बोलावलं. मूळ, न बदललेला टेक हार्ड डिस्कवर होता. तो ऐकवला, मग सगळं सांगितलं.

"सूर बदललात, ते एक वेळ ठीक," नीमा म्हणाली. "पण मी विचारलं होतं, काका."



"आता तोंड पाडून बसू नका," बबनराव म्हणाले. "फोन लावा त्या पुण्याच्या महोत्सववाल्या मानसाला."

लावला. चूक माझी, असं सांगितलं.

"कार्यक्रमात आता जागा नाही. पण पाठवा, ऐकतो," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्याचाच फोन. "तो मधला सूर तिने कुठून आणला हो?" तिला महोत्सवात पंधरा मिनिटं मिळाली.

आज नीमा पुण्यात राहते, गाण्यावरच जगते. तिच्या साथीला जाताना बबनराव म्हातारपणी विमानात बसले. ती रेकॉर्डिंग मात्र दुसरीकडे करते. बरोबरच आहे. गेल्या महिन्यात नवं गाणं पाठवलं, खाली ओळ होती: "काका, फक्त ऐका."

आता ट्यूनिंगआधी मी गायकाला विचारतो. बहुतेक जण "करा" म्हणतात. तरी विचारतो.