बापाचं ‘नको’

मुलगा जर्मनीत गेला आणि फोनवर ‘हं’ म्हणायचा बंद झाला. मी इकडे कोपर स्टेशनजवळच्या आमच्या दोन खोल्यांतून आपली बोलत सुटायची आणि हा स्क्रीनवर गप्प, डोळे रोखून बसलेला. मला वाटायचं, नेटवर्क गेलं.

“अरे, ऐकतोयस ना?”

“ऐकतोय गं आई. इथे समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये हं हं करत नाहीत. गप्प बसून त्याच्याकडे बघायचं.”

घ्या! आईकडेसुद्धा इंटरव्ह्यू घेतल्यासारखं बघायचं.

ते एक वेळ चालवून घेतलं. पण यंदा ह्यांचं लिव्हर गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी मुलाला कळवलं. त्याने सरळ ह्यांनाच विचारलं, “बाबा, मी येऊ का?”

“नको रे. कशाला रजा घालवतोस?”

“बरं,” तो म्हणाला. विषय संपला.

आमच्याकडे पाहुणा चहालासुद्धा आधी नकोच म्हणतो, तरी आपण कप पुढे करतोच ना? ह्यांनी वागळे इस्टेटच्या कारखान्यात मशीनपुढे उभं राहून जन्म काढला, कधी कोणाकडे काही मागितलं नाही. हा माणूस तोंडाने ‘ये’ म्हणणार होता? त्या दिवसापासून हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पेज दिली की नको, पाणी दिलं की नको. मी वेडीपिशी झाले.

शेवटी मीच फोन लावला. “ये रे बाबा.”

“आई, बाबा नको म्हणाले ना? इथे एकदा नको म्हटल्यावर पुन्हा विचारत नाहीत. मान ठेवतात.”

माझं डोकंच फिरलं. “मान घाल चुलीत! मेल्या, तुझ्या बापाचं नको म्हणजे ये! मरतोय रे तो, तुझी वाट बघत मरतोय!”

‘मरतोय’ हा शब्द मी घरात पहिल्यांदाच उच्चारला, तोही ह्यांना ऐकू जाईल असा.

मुलगा बघतच राहिला. मग डोळे पुसत म्हणाला, “शनिवारी पोचतो.”

खाटेवरून आवाज आला, “कशाला बोलावलंस? उगाच त्याची धावपळ.”

थोड्या वेळाने हे भिंतीकडून वळले.

“कधी उतरतोय?”

“शनिवारी,” मी म्हटलं. “तोवर थांबा हो. पाया पडते तुमच्या.”